शाळांची स्वच्छतागृहे : मुंबई उपनगरांचा आढावा

शाळेचे स्वच्छतागृह तीन गोष्टींवर चालते : बांधकाम, पाणी आणि सफाई. बांधकाम एकदा करावे लागते, पाणी रोज मिळवावे लागते आणि सफाई दिवसातून अनेकदा करावी लागते. गेल्या दीड दशकात कायदा, निधी आणि सरकारी मोजणी या तिन्हींचा भर बांधकामावर राहिला. त्याचा परिणाम मुंबईच्या उपनगरांत दिसतो. शाळेच्या नोंदवहीत मुलांची व मुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे असतात, सकाळी ती धुतलेलीही असतात. पण मधली सुट्टी संपल्यावर त्यांची अवस्था काय असते, हे कुठल्याही नोंदवहीत नसते. स्वच्छतागृह ही वास्तूपेक्षा रोज पुरवायची सेवा आहे, हे ध्यानात घेतले की या प्रश्नाचे बहुतेक पैलू उलगडतात.

शाळांचे प्रकार आणि जबाबदारीची विभागणी

मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १९९० मध्ये झाला. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर ही त्यातील मोठी ठिकाणे. महापालिकेच्या कारभारात अंधेरी के-पूर्व व के-पश्चिम विभागांत, बोरिवली आर-मध्यमध्ये, मुलुंड टी विभागात आणि घाटकोपर एन विभागात येते. या भागांत चार प्रकारच्या शाळा आढळतात. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत चालतात. शिक्षण संस्थांच्या खाजगी अनुदानित शाळांना शिक्षकांच्या पगारासाठी राज्य शासनाचे अनुदान मिळते. विनाअनुदानित शाळा शुल्कावर चालतात. याशिवाय रात्रशाळा आहेत. त्या बहुधा दिवसाच्या शाळेच्याच इमारतीत भरतात.

स्वच्छतागृहाची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर प्रत्येक प्रकारात वेगळे आहे. महापालिकेच्या इमारतींची दुरुस्ती व देखभाल शालेय पायाभूत सुविधा कक्ष पाहतो, शिक्षण विभाग शाळा चालवतो आणि दैनंदिन सफाई बहुतांशी ठेकेदाराच्या माणसांकडून होते. अनुदानित शाळेत इमारत संस्थेची, पगार शासनाचा आणि फिनेलचा खर्च वेतनेतर अनुदानातून किंवा संस्थेच्या खिशातून होतो. विनाअनुदानित शाळेत सगळे एकाच व्यवस्थापनाच्या हाती असते. नळाची तोटी तुटल्यावर ती किती दिवसांत बदलली जाईल, हे या विभागणीवर ठरते. मुख्याध्यापकाला अर्ज करून वाट पाहावी लागते की प्लंबरला थेट बोलावता येते, एवढाच तो फरक असतो.

उपनगरांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्ट्यांत राहतात. घाटकोपर-असल्फ्याच्या टेकड्यांवरील, मुलुंड-भांडुपच्या डोंगरउतारांवरील आणि अंधेरीतील दाट वस्त्यांमधील अनेक घरांत शौचालय नाही. तिथली मुले सकाळी सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत उभी राहून शाळेत येतात. अशा मुलांसाठी, आणि मुलींसाठी तर अधिकच, शाळेचे स्वच्छतागृह हे दिवसभरातले कडी लागणारे एकमेव दार असू शकते.

कायदा, न्यायालये आणि मोजमाप

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत मुलांसाठी व मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि पिण्याचे सुरक्षित, पुरेसे पाणी या अटी आहेत; त्या पूर्ण करण्यासाठी शाळांना तीन वर्षांची मुदत होती. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सहा महिन्यांत शाळांमध्ये स्वच्छतागृहे व पाण्याची सोय करण्याचा आदेश दिला. १५ ऑगस्ट २०१४ च्या पंतप्रधानांच्या भाषणानंतर ‘स्वच्छ विद्यालय’ मोहीम सुरू झाली. वर्षभरात देशातील २.६१ लाख शाळांमध्ये ४.१७ लाख स्वच्छतागृहे बांधल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले.

या मोहिमेत सार्वजनिक उपक्रमांनी बांधलेल्या स्वच्छतागृहांची तपासणी पुढे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी केली. २०२० मध्ये संसदेपुढे आलेल्या त्यांच्या अहवालात पंधरा राज्यांतील नमुन्यांची पाहणी आहे. बांधून झालेल्या २,३२६ स्वच्छतागृहांपैकी ७२ टक्क्यांत आत वाहते पाणी नव्हते, ५५ टक्क्यांजवळ हात धुण्याची सोय नव्हती आणि १,८१२ ठिकाणी देखभाल व सफाई नीट होत नव्हती. दिवसातून किमान एकदा सफाई हा निकष असताना अनेक ठिकाणी ती आठवड्यातून दोनदा ते महिन्यातून एकदा होत होती आणि ७१५ ठिकाणी होतच नव्हती. बांधकामाचे उद्दिष्ट पूर्ण होऊनही सोय वापरता येत नाही, याचे इतके नेमके दर्शन दुसऱ्या कुठल्या सरकारी कागदात क्वचितच मिळेल.

महाराष्ट्रात हा प्रश्न २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. विधी शाखेच्या दोन विद्यार्थिनींनी शाळांतील स्वच्छतागृहे आणि मासिक पाळीतील स्वच्छता या विषयावर जनहित याचिका केली होती. न्यायालयाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडून शाळांची अचानक पाहणी करवून घेतली. अहवालातील २३५ शाळांपैकी २०७ शाळांची स्वच्छतागृहे निकषांपेक्षा खालच्या दर्जाची निघाली. त्यांत मुंबई उपनगरातील अनुदानित शाळाही होत्या. सूचना न देता केलेली पाहणी आणि शाळेने स्वतः भरलेली माहिती यांत किती अंतर पडते, हे या निमित्ताने समोर आले.

ते अंतर मोजण्याच्या पद्धतीतच आहे. यू-डायस प्लस या शासकीय प्रणालीत शाळा आपली माहिती स्वतः भरते. ‘असर’ या पाहणीत कार्यकर्ते शाळेत जाऊन दार उघडून पाहतात. त्या पाहणीनुसार मुलींचे वापरण्याजोगे स्वच्छतागृह असलेल्या शाळांचे प्रमाण देशभरात २०१८ मध्ये ६६.४ टक्के होते, ते २०२४ मध्ये ७२ टक्के झाले. पण ‘असर’ फक्त ग्रामीण भागापुरती आहे. मुंबई तिच्या कक्षेत येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त कार्यक्रमात शाळेची सोय ‘मूलभूत’ ठरण्यासाठी तीन अटी आहेत : स्वच्छतागृह सुधारित बनावटीचे असावे, मुलामुलींसाठी वेगळे असावे आणि पाहणीच्या वेळी ते वापरता येण्याजोगे असावे. म्हणजे कुलूप लावलेले, तुंबलेले किंवा कडी नसलेले स्वच्छतागृह बांधलेले असूनही मोजले जात नाही.

संख्या, सत्रे आणि मधली सुट्टी

‘स्वच्छ विद्यालय’च्या मार्गदर्शिकेत एक शौचकूप व तीन मुताऱ्या मिळून एक एकक धरले आहे आणि शक्यतो दर ४० विद्यार्थ्यांमागे असे एक एकक असावे असे म्हटले आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत दिवसाच्या शाळांसाठी ४० मुलांमागे एक शौचकूप व २० मुलांमागे एक मुतारी, तर २५ मुलींमागे एक शौचकूप असे प्रमाण आहे. मुलींना मुताऱ्यांची जोड नसते आणि प्रत्येकीला वेळही अधिक लागतो, म्हणून त्यांच्यासाठीचे प्रमाण चढे आहे. जुन्या इमारतींत मात्र मुलांच्या व मुलींच्या बाजूला सारख्याच आकाराच्या खोल्या असतात आणि मुलींच्या वाट्याला प्रत्यक्षात कमी जागा येते.

मधल्या सुट्टीचा हिशेब केला तर अडचण नेमकी कळते. एका सत्रात ४८० मुली, १२ शौचकूप आणि २० मिनिटांची सुट्टी असे धरू. प्रत्येकीला दोन मिनिटे लागली तर सुट्टीत १२० मुलींची सोय होते. संहितेच्या प्रमाणाने २० शौचकूप दिले तरी आकडा २०० वर थांबतो. म्हणून शौचकूप वाढवण्याच्या जोडीला दोन गोष्टी कराव्या लागतात. सुट्टी इयत्तेनुसार पुढेमागे ठेवणे ही पहिली आणि तास चालू असताना मुलांनी विचारल्यावर जाऊ देणे ही दुसरी. दोन्हींना खर्च येत नाही. जाऊ दिले नाही तर दिवसभर लघवी दाबून ठेवण्याच्या सवयीने मूत्रमार्गाचा संसर्ग व बद्धकोष्ठता होते आणि स्वच्छतागृहात जाणे टाळण्यासाठी मुले पाणीच कमी पितात. केरळातील शाळांनी २०१९ मध्ये पाणी पिण्याची घंटा सुरू केली आणि ती कल्पना इतर राज्यांतही पोहोचली. स्वच्छतागृह वापरण्याजोगे असेल तरच त्या घंटेचा उपयोग होतो.

उपनगरांतील शाळा बहुधा दोन सत्रांत भरतात. सकाळचे सत्र सुटते आणि थोड्याच वेळात दुपारचे भरते. संध्याकाळी काही ठिकाणी रात्रशाळा. ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आत भरवू नयेत असे ठरल्यावर दोन सत्रांच्या इमारतींत वेळेची ओढाताण वाढली. सत्रांमधला अवकाश हा सफाईचा सर्वांत महत्त्वाचा वेळ असतो आणि वेळापत्रकाच्या गर्दीत तोच आधी आक्रसतो. महापालिकेच्या शालेय संकुलांत एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांच्या शाळा आणि तितकेच मुख्याध्यापक असतात. स्वच्छतागृह मजल्यागणिक सामायिक असते. सकाळच्या सत्राने घाण केली की दुपारच्याने, यावर वाद होतो आणि तक्रार नेमकी कोणी नोंदवायची हे ठरत नाही. मजल्यागणिक एका शिक्षकाचे नाव व सत्रागणिक सह्यांचा तक्ता ठेवला तर हा वाद मिटतो.

इमारतींचा आणखी एक वापर विसरला जातो. निवडणुकीत मतदान केंद्र, सुट्टीत स्पर्धा परीक्षेचे केंद्र आणि अतिवृष्टीत तात्पुरता निवारा म्हणून शाळाच ताब्यात घेतल्या जातात. त्या दिवशी शेकडो बाहेरचे लोक स्वच्छतागृह वापरतात. इमारत परत देताना सफाई करून देण्याची अट लेखी नसेल, तर दुसऱ्या दिवशी शाळेची सुरुवात तुंबलेल्या भांड्यांनी होते.

पाणी आणि सांडपाणी

मुंबईला भातसा, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, तानसा, विहार आणि तुळशी या सात जलाशयांतून पाणी मिळते. विहार आणि तुळशी उपनगरांतच, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहेत. तरीही उपनगरांत पाणी चोवीस तास येत नाही; ठरलेल्या वेळी येते आणि टेकडीवरच्या भागात कमी दाबाने येते. त्यामुळे शाळेचे स्वच्छतागृह जमिनीखालची टाकी, पंप आणि गच्चीवरची टाकी या साखळीवर अवलंबून असते. पंप बिघडला किंवा तो चालू करणारा शिपाई रजेवर गेला, तर जलवाहिनीला पाणी असूनही तिसऱ्या मजल्याचा नळ कोरडा राहतो.

राष्ट्रीय इमारत संहिता दिवसाच्या शाळेसाठी दरडोई दररोज ४५ लिटर पाणी धरते. हजार विद्यार्थ्यांच्या शाळेला त्या हिशेबाने ४५,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेचार टँकर लागतात. अर्ध्या दिवसाच्या सत्राला गरज कमी धरली तरी टाक्यांची क्षमता विद्यार्थिसंख्येशी ताडून पाहावी लागते, कारण बऱ्याच टाक्या शाळा लहान असताना बांधलेल्या असतात. २०२३ आणि २०२४ मध्ये महापालिकेने जून-जुलैच्या सुमारास १० टक्के पाणीकपात केली होती. तो काळ शाळा उघडण्याचाच होता. अशा वेळी साठवण कमी असलेल्या शाळेत आधी स्वच्छतागृहाचे पाणी जाते.

पिण्याचे आणि फ्लशचे पाणी वेगळे ठेवले तर हा ताण हलका होतो. जुन्या विहिरीचे किंवा बोअरवेलचे पाणी फ्लश व धुण्यासाठी चालते. छतावरचे पावसाचे पाणी साठवता येते. १,००० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना मुंबईत २००२ मध्ये पर्जन्य जलसंधारणाची अट घालण्यात आली. घाटकोपरच्या आझाद नगरात २०१६ मध्ये महापालिका आणि हिंदुस्थान युनिलिव्हर यांनी सुरू केलेल्या ‘सुविधा’ केंद्रात हात धुण्याचे व आंघोळीचे पाणी गाळून फ्लशसाठी वापरले जाते. ते केंद्र वस्तीसाठी आहे. पण हात धुण्याच्या लांब मोऱ्या असलेल्या शाळेतही हाच उपाय होऊ शकतो. गच्चीवरच्या टाक्यांची झाकणे घट्ट हवीत, कारण साठलेल्या स्वच्छ पाण्यात हिवताप व डेंग्यू पसरवणारे डास वाढतात आणि महापालिकेचा कीटकनाशक विभाग त्यासाठी टाक्या तपासतो.

सांडपाण्याचा मार्ग सगळीकडे सारखा नाही. वेसावे, मालाड, भांडुप आणि घाटकोपर येथे मलजल प्रक्रिया केंद्रे आहेत आणि मुख्य रस्त्यांवरील शाळा मलवाहिनीला जोडलेल्या असतात. डोंगरउतारावरील व वस्त्यांतील काही शाळांना सेप्टिक टाकीवरच भागवावे लागते. टाकी वेळेवर उपसली नाही तर पावसाळ्यात भांडी उलटी भरतात. टाकीत किंवा मॅनहोलमध्ये संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. हे काम यंत्रानेच करून घ्यावे लागते.

सफाईचे काम आणि ते करणारा माणूस

अनुदानित शाळांत शिपाई, सफाईगार, पहारेकरी ही चतुर्थश्रेणीची पदे पूर्वी मंजूर असत. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने ही पदे रिकामी होतील तशी नियमित भरती बंद करून त्यांऐवजी शाळेला ठोक शिपाई भत्ता देण्याचे ठरले. त्यामुळे निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्याच्या जागी तुटपुंज्या मानधनावर अर्धवेळ माणूस येतो, तोही टिकत नाही. महापालिकेच्या शाळांत ठेकेदाराचा माणूस रजेवर गेला तर बदली कोण देणार, साहित्य कोणाचे आणि दंड कशाबद्दल, हे कंत्राटाच्या अटींवर ठरते. कंत्राटात ‘दररोज सफाई’ एवढेच लिहिलेले असेल तर सकाळी एकदा पाणी मारले की अट पूर्ण होते. म्हणून फेऱ्या वेळेनुसार लिहाव्या लागतात : शाळा भरण्यापूर्वी, मधल्या सुट्टीनंतर, दोन सत्रांच्या मध्ये आणि शाळा सुटल्यावर.

विद्यार्थ्यांनी स्वच्छतागृह साफ करावे का, हा वाद महाराष्ट्रात जुन्या संदर्भांसह येतो. जपानमधील शाळांत मुले वर्गासह सगळा परिसर साफ करतात, असा दाखला नेहमी दिला जातो. गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू देण्यासाठी उपोषण केले आणि सेनापती बापटांनी पारनेरात शौचकूप साफ केले; त्यांनी ते काम जातीची उतरंड मोडण्यासाठी स्वेच्छेने पत्करले होते. शाळेत तेच काम शिक्षा म्हणून किंवा ठराविक वस्तीतल्या मुलांना नेमून दिले, तर त्याच उतरंडीला बळ मिळते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. हात धुण्याच्या रांगेची देखरेख, साबण संपल्याची नोंद, गळका नळ कळवणे ही कामे मुलांच्या स्वच्छता समितीकडे देता येतात. मैला व रसायनांचे काम प्रशिक्षित मोठ्या माणसाचेच राहते.

सफाईची पद्धत

स्वच्छतागृहातला उग्र दर्प मुख्यतः मूत्रातून येतो. मूत्रातील युरियाचे जिवाणूंमुळे विघटन होऊन अमोनिया तयार होतो आणि मूत्रातील क्षारांचा पिवळट थर मुताऱ्यांच्या व पाइपच्या आत बसतो. हा थर त्या जिवाणूंचे घर असतो. फिनेल टाकल्याने दर्प काही वेळ झाकला जातो, थर तसाच राहतो. तो काढायला आम्लयुक्त क्लीनर व ब्रश लागतो, आणि रोज पुरेसे पाणी सोडले तर तो साचतही नाही.

सफाईचा क्रम ठरलेला असतो. आधी कचरा काढायचा, मग साबण किंवा डिटर्जंटने घासायचे, धुवायचे आणि शेवटी जंतुनाशक लावायचे. घाणीवर ओतलेले जंतुनाशक बहुतांशी वाया जाते. कामाची दिशा वरून खाली व कमी घाणीकडून जास्त घाणीकडे असते : आधी कड्या, नळ आणि फ्लशचे खटके, मग बेसिन, मग मुताऱ्या व भांडी, शेवटी फरशी. साध्या ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीनचे प्रमाण सुमारे ३० ते ३३ टक्के असते. एक टक्क्याचे द्रावण करायला लिटरमागे साधारण ३० ग्रॅम पावडर लागते. ते निदान दहा मिनिटे राहू द्यावे लागते. उघडी किंवा ओल धरलेली पावडर लवकर निकामी होते. ब्लीचिंग पावडर आणि आम्लयुक्त क्लीनर कधीही एकत्र करायचे नसतात, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद, वायुवीजन नसलेल्या खोलीत ही चूक जीवघेणी ठरू शकते.

स्वच्छतागृहाचा पोछा, बादली व ब्रश वेगळ्या रंगाचे ठेवले की ते वर्गात किंवा माध्यान्ह भोजनाच्या जागेत वापरले जात नाहीत. सफाई करणाऱ्याला हातमोजे, गमबूट आणि मास्क हवेत. शेवटी वायपर मारून फरशी कोरडी करणे महत्त्वाचे असते, कारण ओल्या फरशीवर पावलांचा चिखल होतो आणि स्वच्छ धुतलेली जागाही दहा मिनिटांत घाण दिसू लागते.

सफाईचा आरोग्याला होणारा निम्मा लाभ हात धुण्यावर अवलंबून असतो, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही. हगवण, टायफॉइड, हिपॅटायटिस ए व ई प्रकारची कावीळ आणि जंत यांचा प्रसार विष्ठेतून हाताला व हातातून तोंडात असा होतो. शासन १ ते १९ वयोगटाला राष्ट्रीय जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची गोळी देते; शाळेत साबण नसेल तर पुन्हा जंत होतात. ‘स्वच्छ विद्यालय’च्या मार्गदर्शिकेत दहा-बारा मुलांना एका वेळी हात धुता येतील अशा लांब मोरीची शिफारस आहे. साबणाच्या वड्या पळवल्या जातात ही शाळांची नेहमीची तक्रार. जाळीच्या पिशवीत बांधलेला साबण किंवा बाटलीतले साबणपाणी हे त्यावरचे साधे, स्वस्त उपाय आहेत.

मुलींच्या गरजा

मासिक पाळीच्या दिवसांत मुलींना कडी लागणारे दार, आत पाण्याचा नळ, सामान ठेवायला खुंटी किंवा फळी, झाकणाची कचरापेटी आणि पॅड मिळण्याची सोय एवढे लागते. यातली एक गोष्ट नसली तरी मुली चार तास पॅड बदलत नाहीत किंवा घरी राहतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये शाळकरी मुलींच्या मासिक पाळीतील स्वच्छतेबाबत देशभर एकसमान धोरण ठरवण्याचे निर्देश केंद्राला दिले. महाराष्ट्र शासनाची ८ मार्च २०१८ रोजी सुरू झालेली अस्मिता योजना जिल्हा परिषद शाळांतील मुलींना व ग्रामीण महिलांना स्वस्त पॅड देण्यासाठी होती. मुंबईच्या शाळांचा भार महापालिका, संस्था आणि देणगीदार यांच्यावर राहिला. पॅडची यंत्रे अनेक शाळांत आली. यंत्र रिकामे झाल्यावर ते कोण भरणार हे ठरलेले नसेल, तर ते भिंतीवर नुसते टांगलेले राहते.

वापरलेले पॅड भांड्यात टाकल्याने मलवाहिनी तुंबते. शाळेतील छोटी विद्युत भट्टी पुरेसे तापमान गाठत नसेल तर पॅडमधील प्लॅस्टिक अर्धवट जळून घातक धूर होतो. मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये सॅनिटरी कचरा वेगळा गोळा करण्याची सेवा सुरू केली आणि शिक्षण संस्थांनाही तिच्यात नोंदणी करता येते. कागदात गुंडाळून झाकणाच्या पेटीत टाकणे आणि ती पेटी रोज रिकामी करणे, एवढे शाळेने केले की पुढची साखळी चालते.

लहान मुले, दिव्यांग विद्यार्थी आणि सुरक्षितता

बालवाडी व पहिली-दुसरीच्या मुलांना मोठे भांडे, उंच कडी आणि उंच बेसिन वापरता येत नाही. त्यांच्यासाठी लहान भांडी, कमी उंचीची मोरी आणि मदतीला सेविका लागते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार शाळेची इमारत व आवार सुगम्य असणे आवश्यक आहे. स्वच्छतागृहाच्या बाबतीत याचा अर्थ उतरण, सुमारे ९० सेंटिमीटर रुंदीचे दार, आत व्हीलचेअर वळवण्याएवढी जागा आणि भिंतीला धरदांडे असा होतो. असे स्वच्छतागृह पुष्कळदा बांधलेले असते आणि अडगळीची खोली म्हणून वापरले जाते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. आरोपी कंत्राटी पुरुष सफाई कर्मचारी होता आणि जागा शाळेचे स्वच्छतागृह होती. त्यानंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी, तक्रारपेटी आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती या उपायांवर भर दिला. सफाईच्या व्यवस्थेवर याचा थेट परिणाम होतो. मुलींच्या व लहान मुलांच्या स्वच्छतागृहासाठी महिला कर्मचारी नेमावी लागते, ठेकेदाराने पाठवलेल्या प्रत्येक बदली माणसाची ओळख शाळेकडे असावी लागते आणि शाळा भरलेली असताना पुरुष कर्मचाऱ्याच्या सफाईच्या वेळा वेगळ्या ठेवाव्या लागतात. कॅमेरा बाहेरच्या मार्गिकेवर असतो. आत तो कधीही लावायचा नसतो.

पैसा

समग्र शिक्षा योजनेत सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांना विद्यार्थिसंख्येनुसार एकत्रित शाळा अनुदान मिळते. २५१ ते १,००० विद्यार्थ्यांच्या शाळेला वर्षाला ७५,००० रुपये आणि त्याहून मोठ्या शाळेला १ लाख रुपये अशी तरतूद आहे. त्यातील किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. मोठ्या शाळेसाठी ही किमान रक्कम १०,००० रुपये होते. उच्च प्राथमिकच्या २२० कामकाजाच्या दिवसांत ती वाटली तर रोजचे सुमारे ४५ रुपये पडतात. एवढ्यात साबण व थोडे जंतुनाशक येते, माणूस येत नाही. महापालिकेच्या शाळांत माणसाचा खर्च वेगळ्या कंत्राटातून होतो. अनुदानित शाळेला आठवीपर्यंत शुल्क घेता येत नाही आणि वेतनेतर अनुदान अपुरे व अनियमित असल्याची संस्थांची जुनी तक्रार आहे. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या नव्या फरशा व भांडी बसवण्यासाठी सहज मिळतात, कारण त्यावर नावाची पाटी लावता येते. पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च देणगीच्या करारातच धरला, तर ती देणगी टिकते.

देखरेख

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. महापालिकेच्या शाळेत ही समिती शाळेचा विकास आराखडा तयार करते. अनुदानित शाळेत तिची भूमिका सल्लागाराची आहे. समितीच्या मासिक बैठकीपूर्वी दोन पालकांनी स्वच्छतागृह पाहून यावे, ही तिच्या अधिकारातली सर्वांत सोपी गोष्ट आहे. स्वच्छ विद्यालय पुरस्कारात पाणी, स्वच्छतागृह, साबणाने हात धुणे, देखभाल आणि सवयी असे निकष होते. राज्याच्या ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानातही स्वच्छतेला गुण होते. स्पर्धेने शाळा सजते. मात्र परीक्षकांच्या भेटीची तारीख आधी कळत असल्याने रोजची स्थिती त्यातून कळत नाही.

रोजची स्थिती कळण्यासाठी मोजक्याच नोंदी पुरतात : एकूण शौचकुपांपैकी आज किती वापरात आहेत, नळाला पाणी आहे का, साबण आहे का, सर्व कड्या लागतात का, शेवटची सफाई किती वाजता झाली आणि बंद पडलेली वस्तू किती दिवस बंद आहे. पाहणीची वेळ मधल्या सुट्टीनंतरची असावी. सकाळी सात वाजता प्रत्येक स्वच्छतागृह स्वच्छ असते, म्हणून त्या वेळची नोंद काहीच सांगत नाही. मुलांचे, विशेषतः मुलींचे, मत नाव न घेता विचारावे. कुठले दार कोणी वापरत नाही आणि का, हे त्यांनाच ठाऊक असते. दुरुस्तीला लागलेले दिवस हा आकडा महिन्याच्या शेवटी विभागीय शिक्षण कार्यालयाकडे गेला, तर अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपरच्या शाळांची तुलना बांधलेल्या स्वच्छतागृहांऐवजी चालू असलेल्या स्वच्छतागृहांवर होऊ लागेल, आणि निधी व माणसे कुठे कमी पडतात हे त्याच तक्त्यावरून ठरवता येईल.